इंदूर-देवास-उज्जैन-इंदूर, एका दिवसात, एकट्याने, वाऱ्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी इंदूरहून एकटीच लांब सायकल चालवते आणि लोक मला जे प्रश्न पाठवतात त्यातले निम्मे तेच तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली. किलोमीटरबद्दल सगळे विचारतात, वाऱ्याबद्दल कमी जण विचारतात, आणि माळव्यात दिवस बिघडतो तो वाऱ्यामुळेच, त्यामुळे इथे वाराच जास्त आहे.

१. ताई, इंदूरहून पहिल्यांदा दिवसभराची राइड करायची आहे, कुठला रूट घेऊ?

इंदूर-देवास-उज्जैन-इंदूर हा त्रिकोण. साधारण १३० किमी होतात, घरातून घरापर्यंत मोजलं तर शहराच्या कुठल्या टोकाला राहता त्यावर पाच-दहा कमीजास्त. घाट नाही, मोठा चढ नाही, दर थोड्या अंतरावर चहा-पाणी आहे, आणि तिन्ही शहरांत रेल्वे स्टेशन आहे म्हणजे सुटकेचा रस्ता कायम हाताशी (प्रश्न १६ बघा). शिवाय त्रिकोणात तीन बाजू तीन दिशांना जातात, एकाच दिवसात समोरचा, आडवा आणि पाठचा असे तिन्ही वारे भेटतात, शिकायला याच्यापेक्षा चांगला रूट मला तरी इंदूरजवळ माहीत नाही. आधी ६०-७० किमीच्या तीन-चार राइड झालेल्या असाव्यात, थेट यावर उडी मारू नका.

२. कुठला महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वारा बहुतेक दिवस हलका, ऊन सोसण्यासारखं, गहू-हरभऱ्याची हिरवी शेतं. फक्त दिवस लहान असतो, डिसेंबरमध्ये उजेड पावणेअकरा तासांच्या आसपासच मिळतो. मार्चपासून दुपार तापायला लागते आणि मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा असा सुटतो की झाडं एका बाजूला झुकलेलीच दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये वारा आणि पाऊस दोन्ही, आणि काळ्या मातीच्या कच्च्या साइडला एकदा चाक उतरलं की मडगार्डमध्ये चिखल असा भरतो की चाक फिरत नाही, काडीने खरवडून काढावा लागतो. माझं मत विचाराल तर वाऱ्याची सवय करायला फेब्रुवारीचा शेवट उत्तम, वारा असतो पण मारत नाही.

३. आधी देवास की आधी उज्जैन?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. नकाशा डोळ्यासमोर आणा. इंदूरहून देवास ईशान्येला, देवासहून उज्जैन वायव्येला, आणि उज्जैनहून इंदूर जवळजवळ सरळ दक्षिणेला.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वारा पश्चिम-नैऋत्येचा असतो, तेव्हा आधी देवास. पहाटे वारा पाठीशी किंवा नसतोच, एबी रोडचे (आग्रा-मुंबई हायवे) सहा पदरी ट्रॅफिकवाले किलोमीटर उजाडता उजाडता संपून जातात, देवास-उज्जैनचा तुकडा सकाळी अकराच्या आत होतो, आणि मग शेवटचे ५५ किमी उजवीकडून वारा घेत घरी. शेवटचा भाग सोपा नाही हे आधीच सांगते, उज्जैन इंदूरपेक्षा साधारण ६० मीटर खाली आहे, म्हणजे येताना न दिसणारा चढही आहे. पण उलट फिरलात तर शेवटी दुपारी देवास-इंदूर हायवेवर नैऋत्येचा वारा अगदी तोंडावर येतो, सोबत ट्रकांची रांग, ते त्याहून वाईट.

हिवाळ्यात वारा बहुतेकदा उत्तर-ईशान्येचा, तेव्हा आधी उज्जैन. समोरचा वारा येतो तो सकाळी, जेव्हा तो कमी असतो आणि तुमचे पाय ताजे असतात, आणि शेवटी देवासहून इंदूरला वारा पाठीवर.

त्या दिवशीचा अंदाज वेगळा असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि अंदाजाप्रमाणे जा.

४. थोड्याशा वाऱ्याने एवढा काय फरक पडतो? मी तर सपाटीवर आरामात २० ने जातो.

२० ने जाताय आणि समोरून २० चा वारा आला, तर अंगाला हवा लागते ती ४० ची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट हवा, चौपट विरोध. तेवढाच जोर लावत राहिलात तर मीटरवर २० च्या जागी १०-११ दिसतील. चढावर निदान वर दिसतं की चढ आहे, माथा आला की संपेल हे कळतं. वाऱ्यात रस्ता सपाट दिसतो, काहीच दिसत नाही, आणि माणसाला वाटतं आपल्यातच काही बिघडलंय, ब्रेक घासतोय का, तब्येत ठीक नाही का. मला असे मेसेज येतात, "ताई, मी फिट नाही वाटतं". तुम्ही फिट आहात, समोर वारा आहे.

५. जाताना वारा समोर असला तरी येताना पाठीशी मिळेल ना, मग हिशोब बरोबरच झाला?

होत नाही. ४० किमी समोरच्या वाऱ्यात १२ ने गेलात, ३ तास २० मिनिटं. येताना पाठीशी घेऊन २८ ने आलात, १ तास २६ मिनिटं. एकूण ४ तास ४६ मिनिटं. वारा नसता आणि दोन्हीकडे २० ने गेला असतात तर ४ तासांत घरी. म्हणजे पाऊण तास वाऱ्याने खाल्ला आणि परत दिलाच नाही, कारण वाईट वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता आणि चांगल्यात कमी. म्हणून प्लॅन किलोमीटरमध्ये न करता तासांत करा. मी १३० किमीसाठी थांबे धरून हिवाळ्यात ९ तास आणि उन्हाळ्यात ११ तास धरते. आणि पूर्ण आडवा वारासुद्धा वेग खातो, तो फुकट समजू नका.

६. ॲपमध्ये वारा कसा वाचायचा? बाणाचा नेहमी गोंधळ होतो.

वाऱ्याचं नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून असतं. 'पश्चिम' लिहिलंय म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. बाण मात्र बऱ्याच ॲपमध्ये वारा जिकडे जातोय तिकडे दाखवतात, म्हणून बाणाकडे न बघता अक्षरं वाचा. युनिट तपासा, १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी, आणि मीटर प्रति सेकंद असेल तर ३.६ ने गुणा, एकाने '८' चा वारा बघून निघायचं ठरवलं होतं, ते मीटर प्रति सेकंद होते, म्हणजे जवळजवळ २९ किमी. हे आकडे जमिनीपासून १० मीटर उंचीचे असतात, सायकलवर त्यापेक्षा थोडा कमी लागतो, पण गहू कापलेल्या उघड्या रानात फार कमी होत नाही. झोताचा (गस्ट) आकडा वेगळा असतो तोही बघा, सरासरी २० आणि झोत ४५ असेल तर दिवस झोताचा आहे असं समजा. आणि तासातासाचा अंदाज बघा, पहाटे ५ आणि दुपारी २ मध्ये खूप फरक असतो. रात्री जमीन थंड होते, खालची हवा स्थिर बसते, ऊन चढलं की ती ढवळली जाते आणि वरचा जोराचा वारा खाली उतरतो.

७. किती वारा असेल तर जाऊच नये?

माझी मोजपट्टी अशी. ताशी १५ किमीपर्यंत बिनधास्त. १५ ते २५ मध्ये दिशा बघून (प्रश्न ३). २५ ते ३५ मध्ये फक्त देवासपर्यंत जाऊन परत, तेही सकाळी. ३५ च्या वर किंवा झोत ४५ च्या वर असेल तर मी घरी थांबते, पोहे खाते आणि चेन साफ करते. घराबाहेर बघून अंदाज घ्यायचा असेल तर: धूळ आणि कागद उडायला लागले की २० च्या वर, छोटी झाडं डुलायला लागली की ३० च्या आसपास, मोठ्या फांद्या हलतायत म्हणजे ४० च्या पुढे. एकट्याला हे जास्त कडक पाळायला हवं, ग्रुपमध्ये एकमेकांच्या मागे आलटून पालटून लपता येतं, एकट्याला आडोसा नाही.

८. रस्त्यावर असताना वारा कुठून येतोय ते कसं ओळखू, चालवताना तर नेहमी समोरूनच वाटतो?

बरोबर आहे, चालताना स्वतःचाच वारा समोरून लागतो. मंदिराची ध्वजा बघा, वीटभट्टीचा धूर बघा, उभं पीक कुठे झुकतंय ते बघा. देवासच्या बाजूला टेकडीवर पवनचक्क्या आहेत, त्या दिसल्या तर फार उपयोगी, पात्यांचं तोंड वाऱ्याकडे असतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे अर्धा मिनिट थांबा आणि मान हळूहळू फिरवा, दोन्ही कानांत आवाज सारखा झाला की वारा नाकासमोर आहे.

९. समोरच्या वाऱ्यात कसं चालवायचं?

एक-दोन गिअर हलका टाका आणि पाय फिरते ठेवा. मीटर बघणं बंद करा, श्वास बघा, गाणं गुणगुणता येत नसलं तरी एक वाक्य बोलता आलं पाहिजे. कोपरं वाकवा, खांदे खाली आणा, अंगाचा समोरचा भाग जेवढा कमी तेवढा विरोध कमी, फडफडणारं विंडचीटर तर काढाच किंवा नीट आवळा, ते शिडासारखं काम करतं. मी देवास-उज्जैन तुकड्यात २० मिनिटं चालवणं आणि २ मिनिटं भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला उभं राहणं असं करते, वाटेतल्या नरवर गावापर्यंत हाच हिशोब, आणि तिथे चहा. कानात सतत तो घूं आवाज असतो ना, तो दोन मिनिटं थांबला की डोकं शांत होतं, पायांपेक्षा डोकंच आधी थकतं असा माझा अनुभव आहे.

१०. आडव्या वाऱ्यात ट्रक बाजूने गेला की सायकल का ओढली जाते?

हे नीट वाचा, कारण उज्जैन-इंदूर रस्त्यावर दुपारी नेमकं हेच होतं. तुम्ही दक्षिणेला येताय, वारा पश्चिमेचा, म्हणजे उजवीकडून. तोल सांभाळायला तुम्ही नकळत उजवीकडे झुकून चालवत असता. ट्रक ओव्हरटेक करतो तोही उजवीकडून. तो बरोबरीला आला की वारा एकदम बंद होतो, आणि तुम्ही तर उजवीकडे झुकलेले, म्हणजे सायकल ट्रककडे जाते. दोन सेकंदांनी ट्रक पुढे गेला की अडवलेला वारा एकदम परत येऊन तुम्हाला डावीकडे, कच्च्यात ढकलतो.

याच रस्त्यावरच्या सांवेर गावाच्या अलीकडे एकदा माझ्या बाजूने भुशाचा ट्रक गेला, ते भूसा भरलेले ट्रक माहीत असतील, ताडपत्री दोन्ही बाजूंना पोटासारखी फुगलेली, लेनमध्ये मावत नाहीत. आधी सगळं शांत झालं, इतकं शांत की मला माझ्या चेनचा आवाज आला, आणि हँडल उजवीकडे वळलं. ताडपत्रीची दोरी माझ्या कोपरापासून वीतभर असेल. मग फटका बसला आणि मी थेट मुरमात, पडले नाही पण पाच मिनिटं हात थरथरत होते आणि दातांत भूसा.

तेव्हापासून मी काय करते: हँडलला छोटा आरसा लावलाय. मागे मोठी गाडी दिसली की हात सैल, हँडल हलकं धरायचं, आवळलं की जास्त डगमगतं. पेडल मारणं चालू ठेवायचं. पांढऱ्या पट्टीच्या आत डावीकडे निदान हातभर पक्की जागा शिल्लक ठेवायची, म्हणजे ओढ आणि ढकल दोन्हीला जागा मिळते. फुगलेला ट्रक किंवा एकामागे एक दोन बस असतील तर सरळ थांबून एक पाय खाली. वारा डावीकडून असेल (हिवाळ्यात उज्जैन-देवास तुकड्यात होतं) तर ट्रक वारा अडवत नाही, पण वारा तुम्हाला रस्त्याच्या मधे ढकलत असतो, तेव्हा अजून डावीकडे राहा. उज्जैनच्या सिंहस्थ २०२८ (कुंभमेळा) साठी या रस्त्याचं रुंदीकरण काढलंय, त्यामुळे निघायच्या आधी ताजी स्थिती कुणालातरी विचारा, काम चालू असलेल्या जागी बाजूची पक्की पट्टीच मिळत नाही.

११. सायकल कुठली हवी? बॅग पाठीवर की कॅरिअरवर?

गिअरवाली कुठलीही धड सायकल चालेल, हायब्रिड उत्तम. खोल रिमची चाकं असतील तर या रूटला नको, आडवा वारा पुढचं चाक धरतो. सामान कमी, खाली आणि आवळून बांधलेलं. पाठीवर सॅक असली की घाम अडकतो आणि खांदे दुखतात, सीटखालची बॅग आणि फ्रेमची छोटी बॅग पुरते. हेल्मेट, मागचा लाल लाइट दिवसासुद्धा चालू, आणि धुळीसाठी पारदर्शक चष्मा, दुपारी काळा.

१२. पाणी किती आणि खायचं काय?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वाऱ्यात फसवणूक अशी होते की घाम दिसतच नाही, वाळून जातो. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात १९४८ च्या सुमारास देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी, तीच हवा सायकलवाल्याच्या अंगातलं पाणी कळू न देता ओढून घेते. जर्सीवर पांढरे डाग दिसले म्हणजे मीठ गेलंय. नुसतं पाणी पीत राहू नका, दर दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीला ओआरएस, पाकीट १ लिटरचं असेल तर १ लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकू नका.

खाण्याचं म्हणाल तर निघताना पोहे, जिरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) आणि शेव घालून, जिलबी एखादी चालते. मग दर पाऊण तासाला थोडं थोडं, केळं, गूळ-शेंगदाणे, खजूर, घरची गूळपोळी तर फारच छान, वाऱ्यात रॅपर सोडत बसायला नको. उज्जैनला भरपेट दाल-बाफले (डाळ आणि कणकेचे जड गोळे) मागवू नका, तुपातले दोन बाफले खाऊन पुढे ५५ किमी होत नाहीत, मी बघितलंय. साबुदाण्याची खिचडी किंवा दही-भात घ्या.

१३. एकटीने जाते, बाई आहे, भीती वाटत नाही का?

हा प्रश्न मुलींच्या आया जास्त विचारतात. खरं सांगते, माळव्यातल्या रस्त्यावर मला मदतच जास्त मिळाली. पहिला प्रश्न "अकेली?" असतो आणि दुसरा "चाय पिओगी?". तरी नियम आहेत. घरच्यांना लाइव्ह लोकेशन, आणि कुठे किती वाजता पोचणार हे लिहून, प्रत्येक शहरातून एक फोन. सूर्यास्ताच्या एक तास आधी शहरात (उन्हाळ्यातला अपवाद प्रश्न १८ मध्ये). थांबायचं ते जिथे कुटुंबं बसलीयत अशा ढाब्यावर, पेट्रोल पंपावर किंवा मंदिरात, सुनसान झाडाखाली नाही. कुणी विचारलं तर "मागे ग्रुप येतोय" म्हणायचं. ११२ स्पीड डायलवर, ॲम्ब्युलन्ससाठी १०८. एखादा बाइकवाला सोबत सोबत चालवायला लागला तर पुढच्या दुकानाशी थांबायचं आणि तिथल्या काकांशी बोलायला लागायचं, दोनदा केलंय, दोन्हीदा तो निघून गेला. हेडफोन अजिबात नको, आधीच वाऱ्याने मागचं कमी ऐकू येतं.

१४. एप्रिलमध्ये शेतातून धूर येतो, त्यातून जाऊ का?

नाही. गहू कापल्यावर काही जण नरवाई (शेतात उरलेले खुंट) जाळतात, मनाई असली तरी जाळतात, आणि वाऱ्यात ती आग बघता बघता बांध ओलांडते. धूर रस्त्यावर आडवा पसरला की ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. धुराच्या अलीकडे, वारा जिकडून येतोय त्या बाजूला थांबा, बऱ्याचदा वीस-पंचवीस मिनिटांत कमी होतो. ओला गमछा तोंडाला बांधून आत घुसू नका, प्रश्न श्वासापेक्षा दिसण्याचा जास्त आहे.

१५. अचानक आंधी किंवा वीज आली तर?

मे-जूनमध्ये दुपारनंतर होतं. गरम वारा एकदम पडतो, मग उलट्या दिशेने थंड झोत येतो आणि क्षितिजावर तपकिरी भिंत दिसते. थंड झोत लागला म्हणजे हातात थोडीच मिनिटं आहेत, त्यात पक्क्या घरात, दुकानात नाहीतर पंपावर पोचा. होर्डिंग, पत्र्याची शेड आणि एकट्या झाडापासून लांब. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी मोजले गेले तर ती १० किमीच्या आत आहे. काहीच आडोसा नसेल तर सायकल दूर आडवी ठेवून सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

१६. मध्येच दम संपला तर परत कसं यायचं? आणि पंक्चर?

देवास आणि उज्जैन दोन्हीकडून इंदूरला ट्रेन आहेत, सायकल पार्सल ऑफिसमधून सामान म्हणून बुक होते, वेळ हातात ठेवा. बसवाले सायकल टपावर घेतात, आधी भाडं ठरवून घ्या आणि दोरी स्वतः तपासा. सांवेरला असाल तर लोडिंग ऑटो मिळतो. ठरवून टाका की दुपारी १ वाजेपर्यंत उज्जैन गाठलं नाही तर पुढचं चाकावर नाही (उन्हाळ्यातल्या अपवादासाठी प्रश्न १८).

पंक्चरसाठी दोन ट्यूब, लिव्हर, पंप. बाभळीचा काटा टायरमध्ये तुटून राहतो, नवी ट्यूब घालण्याआधी आतून बोट फिरवून शोधा, नाहीतर दुसरीही जाईल. तुमच्या ट्यूबचा वॉल्व बारीक असेल तर रस्त्यावरच्या हवावाल्याचं नोझल बसत नाही, पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, नखाएवढा असतो.

१७. वारा पाठीशी असेल तेव्हा तर मजाच ना, काही काळजी?

आहे. वारा २५ चा पाठीशी आणि तुम्ही पण २५ ने, म्हणजे अंगाला हवा शून्य. घाम वाळत नाही, अंग तापतं, मे महिन्यात पाठच्या वाऱ्यात चक्कर येण्याचा धोका जास्त. अशा वेळी मुद्दाम थांबून डोक्यावर, मानेवर पाणी ओता. दुसरं, पाय हलके वाटतात म्हणून माणूस ठरवल्यापेक्षा लांब जातो, इंदूर-धार-मांडूचं उलटं उदाहरण घ्या: जाताना साधारण १०० किमी पश्चिम-नैऋत्येला, उन्हाळ्यात बराचसा समोरचा वारा, म्हणून मी मांडूला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर बसून परत येते. एका दिवसात जाऊन-येऊन नाही.

१८. उज्जैनला उशीर झाला, दुपारी वारा जोरात आहे, संध्याकाळी पडेल म्हणून थांबू का?

उन्हाळ्यात हो. १२ ते साडेचार क्षिप्रेच्या घाटाजवळ किंवा धर्मशाळेत सावलीत आडवं व्हा, मग निघा, जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो आणि सहानंतर वारा खरंच मऊ होतो. सांवेर साडेसहाला ओलांडलं तर पुढे जा. साडेसहाला सांवेरच्या अलीकडे असाल तर तिथेच ऑटो बघा. हिवाळ्यात हा हिशोब लागू नाही, डिसेंबरमध्ये पावणेसहाला सूर्य गेला की लगेच अंधार, रस्त्यावर बिना लाइटच्या ट्रॉल्या असतात, त्यामुळे दोन वाजून गेले असतील आणि अजून उज्जैनमध्येच असाल तर स्टेशनकडे वळा.